वर्डमधला सहीचा तयार मजकूर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गृहनिर्माण संस्थेच्या पत्रांत मजकूर दर वेळी वेगळा, शेवट मात्र तोच: ‘आपले विश्वासू’, खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सही-शिक्क्याला जागा. जुनं पत्र उघडून त्यावरच नवं टाइप करायची सवय असली, की कधी ना कधी गेल्या समितीच्या सचिवांचं नाव नव्या नोटिशीवर जातंच. वर्डमधलं ऑटोटेक्स्ट, म्हणजे एकदा साठवलेला मजकूर (‘ब्लॉक’) नावाने हव्या त्या पत्रात आणून देणारी सोय, यावरचा खरा उपाय आहे. ते तयार करायला पाच मिनिटं पुरतात. पुढे ते नीट चालतं की नाही, हे त्यात काय ठेवलं आणि काय वगळलं यावर ठरतं.

कोऱ्या पानावर ‘आपले विश्वासू’ लिहून खाली तीन रकान्यांचं, दोन ओळींचं टेबल घ्या आणि बॉर्डर काढून टाका. ए-४ कागदावर दोन्ही बाजूंना २.५४ सेंमी समास सोडला की १५.९ सेंमी उरतात, म्हणजे रकान्याला ५.३ सेंमी. वरची ओळ सही-शिक्क्यासाठी रिकामी, उंची किमान २.५ सेंमी. खालच्या ओळीत कंसात नाव, त्याखाली पद. सहीची जागा चारदा एंटर मारून सोडू नका. पान भरलं की ‘आपले विश्वासू’ एका पानावर राहतं आणि नावं दुसऱ्यावर जातात.

हे फाटणं थांबवायला टेबल प्रॉपर्टीजमधल्या ‘रो’ टॅबवर ओळ दोन पानांत तुटू देणारी खूण काढा. मग ‘आपले विश्वासू’ आणि टेबलची वरची ओळ निवडून पॅराग्राफच्या ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्या परिच्छेदासोबत एकाच पानावर ठेवणारी खूण) लावा. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदालाही तेच लावायचं, पण तो ब्लॉकच्या बाहेर असल्याने हे दर पत्रात हाताने करावं लागतं. तेवढं केलं की नुसत्या सह्यांचं पान निघत नाही, मजकुराच्या निदान दोन ओळी सोबत येतात. असं सुटं पान कोणत्याही पत्राला जोडता येतं, म्हणून ही काळजी महत्त्वाची.

आता कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून परिच्छेदखुणा (प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटची ¶ ही खूण) दिसू द्या. टेबलखालच्या रिकाम्या परिच्छेदाच्या खुणेसकट सगळं निवडा आणि ऑल्ट+एफ३ दाबा. उघडणाऱ्या चौकटीत गॅलरी ‘ऑटोटेक्स्ट’ ठेवा आणि छोटं, वेगळं नाव द्या. पुढे ते नाव टाइप करून एफ३ दाबलं की सगळा ब्लॉक हजर. परिच्छेदाची खूण निवडीतून सुटली तर त्या परिच्छेदाची मांडणी साठवली जात नाही. ‘डावीकडे सरकतंय’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

देवनागरीचा वेगळा त्रास फॉन्टचा. ब्लॉक ‘नॉर्मल’ स्टाइलमध्ये (स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच) असेल तर ज्या पत्रात टाकाल त्या पत्राचा नॉर्मल लागू होतो आणि अक्षरं लहानमोठी होतात. सहीसाठी स्वतंत्र स्टाइल करा, आणि फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फॉन्ट व आकार ठरवा, देवनागरी तिथूनच चालते. ओळीतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ कधीच नको. मात्रा वरून कापल्या जातात, आणि ओळीत लोगोचं चित्र असेल तर त्याची फक्त पट्टी दिसते.

तारीख ब्लॉकमध्ये ठेवू नका. आपोआप बदलणारी तारीख टाकली तर जानेवारीचं पत्र जूनमध्ये उघडल्यावर जूनची तारीख दाखवतं. जावक क्रमांकही बाहेरच. स्कॅन केलेल्या सहीचं चित्र तर अजिबात नको. फाइल हाती आलेला कोणीही ते उचलू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली डिजिटल सही ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

ऑटोटेक्स्ट सहसा ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डची नवी कोरी फाइल ज्यावरून बनते त्या साच्यात, साठतं आणि ते टेम्प्लेट वर्ड बंद होताना जतन होतं. त्यामुळे ब्लॉक केल्यावर वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. मध्येच संगणक अडकला तर ब्लॉक गेला. टेम्प्लेट बिघडलं तर सगळेच जातात, म्हणून त्याची प्रत पेनड्राइव्हवर हवीच. लिब्रे ऑफिसमध्ये हीच सोय कंट्रोल+एफ३ वर आहे, पण वर्डचे ब्लॉक तिथे आपोआप येत नाहीत.

पदाधिकारी बदलले की ब्लॉक पत्रात टाका, नावं बदला, पुन्हा निवडून ऑल्ट+एफ३ दाबा. नाव, गॅलरी आणि कॅटेगरी तिन्ही जुनीच द्या. वर्ड विचारेल तेव्हा ‘येस’. यातलं एकही बदललं तर जुना ब्लॉक तसाच राहतो आणि चुकून तोच वापरला जातो. आधी पाठवलेल्या पत्रांना मात्र धक्का लागत नाही, कारण पत्रात पडलेला मजकूर ही ब्लॉकची सुटी प्रत असते.