बिल फाइव्ह ॲक्सिसचं, काम डाय ग्राइंडरचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तपासणीला आलेलं हे हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा व्हॉल्व्हचा भाग, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनाचं. गिऱ्हाईक निपाणीचं, गाडी हौसेची. काम करणारा सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला. पैसे आगाऊ घेतले, हेड पार्सलनं परत. बिलावर ‘फाइव्ह ॲक्सिस सीएनसी पोर्टिंग’, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, पोर्ट, पाच अक्षांत फिरणाऱ्या संगणकी मशीनवर कापून मोकळ्या करणं. पोर्टच्या तोंडाशी बॉल नोज कटरच्या समांतर रेघा अशा सुबक की कुणीही भुलावं.

रेघा तोंडापासून जेमतेम 30 मिमी आत जाऊन थांबल्या होत्या. साध्या तीन अक्षांच्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या कटरच्या सीएनसी मशीनवर, तेवढंच जमतं. पुढं पोर्ट वळतो आणि कटरची दांडी भिंतीला घासते. वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे शॉर्ट टर्नला, पोचायचं तर जॉब कलता फिरला पाहिजे आणि लॉलीपॉप कटर पाहिजे, गोळा मोठा नि मान बारीक असलेला. तो एकदा मॅनिफोल्डकडून, म्हणजे पोर्टच्या तोंडातून, आणि एकदा व्हॉल्व्हच्या सीटकडून घालतात, दोन्हीकडच्या रेघा आत एकमेकींना मिळतात. इथं बाऊलमध्ये, म्हणजे सीटमागच्या खोलगट भागात, हातातल्या डाय ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप व्हीलचे वेडेवाकडे ओरखडे आणि शॉर्ट टर्नवर कास्टिंगची खरखरीत साल तशीच. मोबाईलला जोडायच्या बोअरस्कोपनं, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्यानं, हे लगेच दिसतं.

हातानं केलेलं पोर्टिंग वाईट नसतं. नमुन्याचा पहिला, म्हणजे मास्टर पोर्ट बहुतेक हातानंच घडवतात, मग तो स्कॅन करून बाकीचे त्याबरहुकूम कापतात. पण सीएनसीचे पैसे द्यायचे ते चारही पोर्ट सारखे यावेत म्हणून. व्हॉल्व्ह बसवून, पोर्टच्या तोंडावर ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी चिकटवली आणि ब्युरेटनं (मापाच्या काचनळीनं) रॉकेल भरलं, तर सगळ्यात लहान आणि मोठ्या इनटेक (हवा आत नेणाऱ्या) पोर्टमध्ये 4 सीसीचा फरक. एकाच प्रोग्रॅमवर हा एखाद्या सीसीच्या आत राहायला हवा.

फ्लो शीटची, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजल्याच्या कागदाची, लबाडी त्याहून हुशारीची. आधी 58 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), नंतर 99. म्हणजे 70 टक्के वाढ! पण पहिला आकडा 10 इंच पाण्याच्या दाबफरकाला घेतलेला, दुसरा 28 इंचाला. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. 28 भागिले 10 चं वर्गमूळ 1.67, आणि 58 ला त्यानं गुणलं की 97. खरी वाढ जेमतेम 2 टक्के. कुठल्या लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलून मोजलं, हे तर शीटवर नव्हतंच. लिफ्ट आणि दाबफरक न लिहिलेली शीट रद्दीत घाला.

सगळ्यात घातक गोष्ट तिसऱ्या पोर्टच्या तळाशी निघाली. ग्राइंडर पाण्याच्या जॅकेटपर्यंत, म्हणजे हेड थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीपर्यंत, गेला होता आणि भोक एपॉक्सी पुट्टीनं बुजवून वरून सँडब्लास्ट मारला होता. हेड ओतताना कोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा साचा, थोडा सरकला की त्या बाजूची भिंत पातळ होते, म्हणून कापण्याआधी अल्ट्रासॉनिक गेजनं जाडी बघायची असते. गरम-थंड होऊन पुट्टी सुटली की पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. नशीब बरं असेल तर पांढऱ्या धुरावर भागतं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याची सगळी भोकं बंद करून, 2 बार हवा देऊन हेड गरम पाण्यात बुडवलं, तेव्हा बुडबुडे आले. थंड पाण्यात अशी पुट्टी पुष्कळदा टिकून राहते आणि टेस्ट पास होते.

हेड देण्याआधी कास्टिंग नंबरचा फोटो काढा, न दिसणाऱ्या जागी पंचची खूण करा. चलनावर चार गोष्टी लिहून घ्या: दाबफरक, लिफ्ट, कमीत कमी भिंतजाडी आणि प्रेशर टेस्ट. तुमच्या मॉडेलची स्कॅन फाइल आहे का, जॉब कुठल्या फिक्श्चरवर धरणार, हे विचारा. खरं काम करणारा यावर तासभर बोलतो. दुसरा ‘रिझल्ट बघा की’ म्हणतो.

काम खासगी गाडीचं असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निपाणीकराला त्यासाठी महाराष्ट्रात खेटे घालावे लागत नाहीत, बेळगावचा आयोग चालतो. मुदत 2 वर्षं. मात्र पुट्टी खरवडून वेल्डिंग करायच्या आधी फोटो आणि प्रेशर टेस्टचा लेखी रिपोर्ट घ्या, कारण वेल्डिंग झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.