रिले की म्यूट: स्पीकरचा ‘धप्प’ घालवताना

भाच्याचा फोंड्याहून फोन आला. एलएम३८८६ या अँप्लिफायर चिपचे दोन बोर्ड जोडून झाले, गाणं सुरेख वाजतं, पण बटण चालू करताना ‘धप्प’ आणि बंद करतानाही ‘धप्प’. “मामा, रिले बसवू की म्यूटचं बघू?” मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

ठोका का बसतो हे बांधणाऱ्याला ठाऊक असतंच. अधिक आणि उणे पुरवठा सारख्या वेगाने चढत-उतरत नाहीत, इनपुटचे नि फीडबॅकचे कपॅसिटर भरायला वेळ घेतात आणि तेवढ्यात आउटपुट शून्यावरून सरकतं. रिले, म्हणजे विजेने उघडणारा-मिटणारा स्विच, त्या वेळेपुरता स्पीकर तोडून ठेवतो. म्यूट चिपच्या आतच वाट बंद ठेवतो. टोरॉइडच्या (कड्यासारख्या गोल ट्रान्सफॉर्मरच्या) सुरुवातीच्या झटक्यासाठी एनटीसी (तापला की रोध कमी होणारा रेझिस्टर) बसवतात तो विषय निराळा. त्याने घरचा एमसीबी पडायचा थांबेल, स्पीकरचा ठोका थांबेलच असं नाही.

रिलेपासून सुरुवात केली, कारण सगळे तिथूनच करतात. यूपीसी१२३७ ही मूळची जपानच्या एनईसी कंपनीची, स्पीकरचा रिले सांभाळणारी आठ पायांची चिप, तिच्यावरचे तयार बोर्ड सहज मिळतात. दोन-चार सेकंद थांबून ‘टक्’ करून स्पीकर जोडला जातो आणि चालू करतानाचा ठोका पहिल्याच दिवशी गेला. बंद करतानाचा मात्र तसाच राहिला. मी रिलेला वीज मुख्य फिल्टर कपॅसिटरवरून दिली होती. बटण बंद केल्यावरही त्या कपॅसिटरांच्या साठ्यावर रिले दोन-तीन सेकंद धरून राहायचा आणि नेमक्या त्याच वेळात पुरवठा वाकडातिकडा उतरायचा. उपाय चिपमध्येच आहे: चौथी पिन ट्रान्सफॉर्मरची एसी गेली की नाही हे पाहायला ठेवलेली आहे. कित्येक स्वस्त बोर्डांत ती वापरलेलीच नसते, किंवा बोर्ड नुसत्या डीसीवर चालतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून (बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळीवरून) एक वायर, एक डायोड, एक रेझिस्टर आणि लहानसा कपॅसिटर घेऊन ती पिन जोडली आणि बंद करतानाचा ठोकाही गेला. तो कपॅसिटर मोठा घेतलात तर रिले पुन्हा रेंगाळतो, एवढं सांभाळा.

रिलेच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो डीसीपासून राखतो. आउटपुटची चिप फुटून पुरवठ्याचे तीस-पस्तीस व्होल्ट थेट वूफरच्या कॉइलवर आले तर कॉइल काही सेकंदांत जळते. यूपीसी१२३७ आउटपुटवरचा डीसी ओळखून रिले सोडते. म्यूट हे करू शकत नाही, कारण फुटलेली चिप कुणाचंच ऐकत नाही. तरी इथेही डोळे उघडे ठेवावेत: बाजारातल्या बहुतेक रिलेंच्या कॉन्टॅक्टवर २५० व्होल्ट एसी आणि ३० व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं. ±३५ व्होल्टच्या पुरवठ्यावर कॉन्टॅक्ट उघडला तरी मधे ठिणगी धरून राहू शकते. म्हणून स्पीकर मधल्या कॉमनला जोडावा आणि एनसी टोकाला, म्हणजे रिले सुटल्यावर कॉमन ज्याला टेकतो त्याला, ग्राउंड द्यावं. ठिणगी धरलीच तर प्रवाह स्पीकरऐवजी ग्राउंडला जातो आणि फ्यूज उडतो.

इथवर वाचून रिलेच बरा वाटेल. मलाही वाटत होता, पहिल्या पावसाळ्यापर्यंत.

मी गोव्यात मांद्र्याला राहतो, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पहाटे आई झोपलेली असते तेव्हा मी केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका अगदी हळू लावतो. उंबऱ्यापलीकडे ऐकू जाऊ नये इतक्या हळू. जुलैत एका पहाटे डावा स्पीकर गप्प झाला. वायर हलवून पाहिली, इनपुट अदलाबदल करून पाहिले, काही नाही. कंटाळून आवाज वाढवला तर डावा स्पीकर अचानक खणखणीत बोलू लागला. आवाज पुन्हा कमी केला, तरी बोलत राहिला. दुसऱ्या पहाटे परत गप्प. आठवडाभर मी सोल्डर तपासत होतो आणि दोष रिलेच्या कॉन्टॅक्टवर साचलेल्या थराचा होता.

रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात. दमट, खाऱ्या हवेत त्यांच्यावर पातळ थर धरतो. मोठा प्रवाह गेला तर तो फाटतो, लहान प्रवाहाला फाडता येत नाही. १० अँपिअरच्या अनेक रिलेंच्या माहितीपत्रकात किमान भार ५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर असा दिलेला असतो. आता हिशेब करा: ८ ओहमच्या स्पीकरला ५० मिलिवॉट दिले तर मिळतात सुमारे ०.६३ व्होल्ट आणि ८० मिलिअँपिअर. पहाटेचं माझं ऐकणं याच्याही खाली. म्हणजे मी रिलेला त्याच्या कामाच्या हद्दीबाहेरचं काम देत होतो. मोहोरबंद रिले घातला, तो दोन पावसाळे चांगला टिकला, तिसऱ्यात उजवीकडे तीच तक्रार. पणजीत वातानुकूलित खोलीत ठेवून, भरपूर आवाजात ऐकणाऱ्याला हा त्रास कदाचित कधीच होणार नाही. मला मात्र तंबोऱ्याचं एक अंग पहाटे नाहीसं होणं सहन होईना.

मग म्यूटकडे वळलो. एलएम३८८६ची आठवी पिन मोकळी सोडली की चिप गप्प. तिच्यातून उणे पुरवठ्याकडे किमान ०.५ मिलिअँपिअर ओढला की वाट उघडते. ±२८ व्होल्टवर हिशेब सरळ आहे: २८ मधून २.६ वजा करून ०.५ मिलिअँपिअरने भागा, साधारण ५० किलोओहम येतात. रेझिस्टर त्याच्या खालचा हवा. मी २२ किलोओहमचे दोन ओळीने लावले आणि मधून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरड. टोक उणे असल्याने कपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला जातो. इथे हमखास चूक होते. आवाज टक् न करता हलकेच उमलतो आणि वाटेत एकही कॉन्टॅक्ट नाही.

म्यूटचीही एक खोड आहे आणि आमच्याकडे ती पावसात दिसते. माडाची झावळ तारांवर आपटली की वीज जाते आणि क्षणात परत येते. म्यूटला मुख्य उणे पुरवठ्यावरून ओढ दिली असेल तर पुरवठा अर्धा उतरला तरी वाट उघडीच राहते. पुरवठा पूर्ण उतरला तर चिप स्वतःला सांभाळते, पुरवठा फारच खाली गेला की ती आपणहून बंद होते. तिढा असतो तो मधल्या अवस्थेचा. म्हणून म्यूटसाठी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून वेगळा डायोड आणि केवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. वीज गेली की हा चिमुकला साठा मोठ्या कपॅसिटरांच्या कितीतरी आधी ओसरतो आणि चिप गप्प होते. चवथीच्या दिवसांत आमच्याकडे घुमट आरतीचं, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचं, ध्वनिमुद्रण वाजत असतं. तेव्हा तीनदा वीज लपली आणि स्पीकरमधून घुमटाखेरीज दुसरी थाप आली नाही.

टीडीए७२९४ ही अँप्लिफायर चिप वापरणाऱ्यांना दोन पिना आहेत, नववी स्टँडबाय आणि दहावी म्यूट. चालू करताना आधी स्टँडबाय उठावा, मग म्यूट उघडावा. बंद करताना उलट. टीडीए२०३०सारख्या चिपला म्यूटच नाही. ती एकेरी पुरवठ्यावर, आउटपुटला २२०० मायक्रोफॅरड लावून चालवत असाल तर रिलेला पर्याय नाही. रिलेच्या आधी, कपॅसिटरच्या स्पीकरकडच्या टोकापासून ग्राउंडला ४७० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर द्या आणि रिलेला पाच सेकंदांचा उशीर ठेवा. नाहीतर तो कपॅसिटर रिले जोडल्यावर स्पीकरमधूनच भरेल आणि ठोका फक्त उशिरा बसेल. सुट्या ट्रान्झिस्टरांचा किंवा मॉसफेटचा मोठा अँप्लिफायर असेल, स्पीकर महागडे किंवा वडिलांच्या आठवणीचे असतील, तरीही मी रिलेच सुचवीन आणि वर्षातून एकदा तो बदलण्याची तयारी ठेवा म्हणेन.

भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे एलएम३८८६ आहे, आवाज बेताचा ठेवतोस, तर म्यूट कर आणि दोन्ही पुरवठ्यांना फ्यूज घाल. चिपमध्ये जादा प्रवाहापासून आणि तापण्यापासून राखण आहे, पण चिपच गेली तर डीसी अडवणारं तिथे कुणी नसेल. घरगुती पुरवठ्यावर एवढा धोका मी पत्करला आहे, त्याने पत्करावाच असं नाही. काहीही बसवलं तरी चांगले स्पीकर लगेच जोडू नकोस. भंगारातला एखादा ८ ओहमचा स्पीकर लाव, आवाजाची खुंटी शून्यावर ठेव आणि प्लग दहा वेळा काढ-घाल: कधी मिनिटभर थांबून, कधी एका सेकंदात. ठोका लपलेला असेल तर तो त्या एका सेकंदातच सापडेल.