अमोनियाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आठ चॅनलचा गॅस डिटेक्शन पॅनल: वापरून काय वाटलं

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि त्यातली बरीचशी अमोनियावर, म्हणजे गारवा करणाऱ्या पण विषारी गॅसवर चालतात. मी अशाच एका स्टोरेजचं मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे आधी प्रत्येक सेन्सरची वेगळी डबी होती, कोण कुठं वाजतंय ते शोधत फिरावं लागायचं. त्या सगळ्या काढून आता भिंतीवरचा आठ चॅनलचा एकच कंट्रोलर, म्हणजे पॅनल, बसवलाय; एका चॅनलला एक सेन्सर. अख्खा सीझन आणि पुढचा पावसाळा त्याच्यावर काढला म्हणून लिहायला घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, पण जे लिहिलंय ते कुठलाही पॅनल घेताना तुम्हाला समोर उभं राहून तपासता येईल.

माझी कसोटी एकच आहे. रात्री ऑपरेटर एकटा असताना हूटर वाजला, तर पॅनलकडे बघून त्याला गॅस कुठं आहे, किती आहे आणि वाढतोय का कमी होतोय हे लगेच कळलं पाहिजे. बाकी मोडबस (पॅनल कॉम्प्युटरला जोडायची सोय) आहे का, डिस्प्ले रंगीत आहे का, हे सगळं नंतर. माल शेतकऱ्याचा असतो, कित्येकांनी त्याच्यावर तारण कर्ज उचललेलं असतं, आणि आत हमाल काम करत असतात, त्यामुळे ही वस्तू इन्स्पेक्टरला दाखवायला भिंतीवर टांगायची नाही.

सेन्सर असे लावलेत: कॉम्प्रेसर रूममध्ये दोन, रिसीव्हरजवळ (लिक्विड अमोनियाची टाकी) एक, चार चेंबरमध्ये कूलरजवळ एकेक आणि एक बाहेर पॅसेजमध्ये जिथं पेट्या उतरतात. अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून कॉम्प्रेसर रूममधले वर छताकडं घेतले. पण लिक्विड गळालं तर ते उणे ३३ डिग्रीला उकळतं, त्याचं थंडगार पांढरं धुकं होतं आणि ते सुरुवातीला जमिनीलगतच पसरतं, म्हणून रिसीव्हरचा सेन्सर खाली ठेवलाय. सप्लायरचा माणूस सगळे एका उंचीवर मारून मोकळा होत होता, त्याला थांबवावं लागलं. आणि कंट्रोलर स्वतः कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर ऑपरेटरच्या केबिनमध्ये लावला. एक तर अमोनिया तांबं-पितळ खातो, त्या खोलीत पॅनल ठेवला तर आतली टर्मिनलं आणि कार्डं हळूहळू हिरवी पडतात, आणि दुसरं म्हणजे गळती झाल्यावर आकडा बघायला गळतीतच जायचं का?

आता चालवायला कसा आहे ते सांगतो. प्रत्येक चॅनलला चार एलईडी: हिरवा नॉर्मल, पिवळा फॉल्ट, नारंगी पहिला (खालच्या पातळीचा) अलार्म, लाल दुसरा (वरच्या पातळीचा) अलार्म. मध्ये एक डिस्प्ले, तो एक ते आठ चॅनल आळीपाळीनं दाखवत राहतो आणि अलार्म आला की फिरणं थांबवून त्या चॅनलवर येऊन उभा राहतो. खाली बटणं मोजकीच, हूटर बंद करायचं, रीसेट, टेस्ट आणि मेनूची. चॅनलला नाव देता येतं पण इंग्रजीतच, म्हणून आम्ही प्रत्येक एलईडीच्या रांगेशेजारी मराठीत पट्टी चिकटवली, "चेंबर ३ कूलर", "रिसीव्हर" अशी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम तेच झालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी अलार्म कुठल्या चॅनलला आला ते हा लक्षात ठेवतो. गॅस पसरतो, पाच मिनिटांत तीन चॅनल लाल होतात, मग उगम शोधायचा कसा? यात पहिल्या चॅनलचा दिवा भरभर लुकलुकतो, नंतरच्यांचा सावकाश. पावसाळ्यात एका रात्री आमच्या ऑपरेटर मामांचा फोन आला, "साहेब, सहा आधी आला, मग आठ." सहा म्हणजे तिसरं चेंबर, आठ म्हणजे पॅसेज. आकडा चाळीस पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) आसपास होता. मामा आत गेले नाहीत, बाहेरच्या व्हॉल्व्ह स्टेशनवरून त्या चेंबरचं लिक्विड बंद केलं, पंखा चालू केला आणि आम्ही येईपर्यंत आकडा खाली उतरत चाललेला. मग दोघं मास्क लावून गेलो, गंधकाची काडी पेटवून फिरवली तर एका व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी (दांड्याभोवतीच्या सीलपाशी) पांढरा धूर दाट झाला, नट आवळला, थांबलं. जुन्या डब्या असत्या तर पॅसेजमधली डबी जोरात ऐकू आली असती आणि सगळे पॅसेजमध्येच हुंगत बसले असते.

दुसरी चांगली गोष्ट, हूटर बंद केल्यावर जर नवीन चॅनलला अलार्म आला तर तो पुन्हा वाजतो. ऐकायला साधं वाटतं पण स्वस्तातल्या काही पॅनलमध्ये एकदा म्यूट दाबलं की मग कुठंही काहीही होऊ दे, चिडीचूप. घेताना हे दुकानातच बघा, दोन चॅनलला करंट देऊन.

करंटचं जरा नीट सांगतो कारण इथंच घोळ होतात. सेन्सरकडून ४ ते २० मिलिअँप येतात, ४ म्हणजे शून्य आणि २० म्हणजे फुल स्केल. सेन्सर ० ते १०० पीपीएमचा असेल तर २५ पीपीएमला ८ मिलिअँप येतात. तोच ० ते १००० चा असेल तर २५ ला फक्त ४.४ येतात, म्हणजे झीरो जरासा सरकला की खोटा अलार्म किंवा खरा अलार्म गायब. आणि पॅनलमध्ये रेंज वेगळीच भरलेली असेल तर अजून वाईट, सेन्सर १००० चा आणि पॅनलमध्ये १०० भरलंय, तर खरे २५० पीपीएम असताना पॅनल शांतपणे २५ दाखवणार. आमच्याकडे कमिशनिंगला आलेल्या माणसानं आठही चॅनलला एकच सेटिंग कॉपी केलं होतं, लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारं यंत्र) लावून प्रत्येक चॅनलला १२ मिलिअँप दिले तेव्हा उघडं पडलं. बारा दिल्यावर निम्मी रेंज दिसली पाहिजे, नाही दिसली तर बिलावर सही करू नका. मग वायर काढून बघा, फॉल्ट आला पाहिजे, शून्य दाखवून गप्प बसला तर तो पॅनल परत पाठवा. तुटलेली वायर आणि स्वच्छ हवा यात फरक न कळणारा पॅनल काय कामाचा?

म्हणून कॉम्प्रेसर रूममध्ये आम्ही एक १०० चा आणि एक १००० चा असे दोन घेतले. लहान गळती पहिल्याला नेमकी कळते, आणि मोठी झाली की पहिला ओव्हर दाखवतो तेव्हा दुसऱ्याकडं बघायचं.

सेटपॉइंट आम्ही पहिला अलार्म २५ पीपीएम ठेवलाय. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये अमोनियासाठी आठ तासांची सरासरी मर्यादा २५ आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम दिली होती (तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता), त्यामुळे २५ च्या वर अलार्म नेण्यात अर्थ नाही. काही जण "सारखं वाजतं" म्हणून ५० करून ठेवतात. अरे, सारखं वाजतंय म्हणजे गळतंय! कॉम्प्रेसर रूमच्या मोठ्या रेंजच्या चॅनलला १५० वर एक्झॉस्ट फुल आणि लिक्विड लाइनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद, असं रिलेवर (पॅनलमधला आपोआप चालू-बंद होणारा स्विच) घेतलंय. ३०० पीपीएमला माणसाच्या जिवाला धोका धरतात, तिथपर्यंत वाट बघायची नाही. आणि आमच्या माणसांचं नाक मुरलेलं असतं, वर्षानुवर्षं त्या वासात काम करून वीस-तीस पीपीएम त्यांना जाणवतच नाहीत, म्हणून "मला तर वास येत नाही" हे कारण ऐकून कुणी अलार्म रीसेट करू नये.

रिले बद्दल दोन गोष्टी. एक, एक्झॉस्टची मोटर थेट पॅनलच्या रिलेवर लावू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा भार झेलणारा मोठा स्विच) घ्या, नाहीतर रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग ते चिकटलेत हे ऐन वेळीच कळतं. दोन, रिले फेल-सेफ मोडवर ठेवा, म्हणजे नॉर्मलला ओढलेला आणि अलार्म आला किंवा पॅनलची पॉवर गेली की सुटलेला. हा पर्याय या पॅनलमध्ये चॅनलवार मिळतो, पण फॅक्टरीतून उलटा येतो. अलार्म लॅच करायचं (रीसेट दाबेपर्यंत धरून ठेवायचं) पण बंदच येतं, ते चालू करून घ्या, नाहीतर पहाटे अलार्म येऊन जातो आणि सकाळी कुणाला पत्ता नसतो.

आता तक्रारी.

घड्याळ. वीज गेली आणि बॅकअपची बॅटरी उतरली की तारीख पुसली जाते. उन्हाळ्यात आमच्याकडं लाइटचं काय होतं ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे इव्हेंट लॉग उघडला तर निम्म्या नोंदी २००० सालातल्या. आतलं बटण सेल सैल बसलं होतं, ते आम्ही नीट केलं, पण नव्या पॅनलमध्ये हे व्हायलाच नको होतं. अलार्मचा लॉग वेळेशिवाय काही कामाचा नाही.

इन्हिबिट. ऑइल ड्रेन करताना (प्लांटमध्ये साचलेलं तेल काढताना) किंवा कॅलिब्रेशनला (माहितीचा गॅस देऊन आकडा जुळवायला) एखादा चॅनल तात्पुरता बाजूला काढावा लागतो, ते बरोबर आहे. पण यात तो आपोआप परत येत नाही! तुम्ही विसरलात तर तो चॅनल मेलेलाच राहणार आणि खूण म्हणून कोपऱ्यात एक बारीक अक्षर. ऑइल ड्रेन हे अमोनिया प्लांटमधलं सगळ्यात धोक्याचं काम, नेमकं त्याच्यानंतर चॅनल बंद राहणं मला अजिबात मान्य नाही. अर्ध्या तासानं स्वतःहून चालू होण्याची सोय पाहिजे होती. आम्ही केबिनमध्ये लाल दोरीची पाटी ठेवलीय, चॅनल इन्हिबिट केला की पॅनलवर अडकवायची, आणि ती अडकलेली असताना पाळी बदलायची नाही.

पासवर्ड सगळ्या पॅनलला एकच येतो, मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर छापलाय. पहिल्याच दिवशी बदला. मॅन्युअल म्हणजे आणखी एक दुखणं, इंग्रजी पण धड नाही, आणि मोडबसची रजिस्टर लिस्ट त्यात नाहीच, कितीदा फोन केल्यावर एका पानाचा फोटो आला. आतला बझर पण बारीक आहे, कॉम्प्रेसर चालू असताना केबिनमध्ये ऐकू येईल एवढाच, बाहेरचा हूटर आणि फ्लॅशर वेगळा घ्यावाच लागतो.

आणि खरा खर्च पॅनलचा नाही, सेन्सरचा आहे. हे कुणी कोटेशनमध्ये ठळक लिहीत नाही. सेन्सरमधले गॅस ओळखणारे इलेक्ट्रोकेमिकल सेल दोन-तीन वर्षांत संपतात, आणि सतत थोडा थोडा गॅस खात राहिले तर त्याआधीच. संपलेला सेल ओरडत नाही, तो छानपैकी शून्य दाखवतो, आणि पॅनलवर हिरवा दिवा. करंट ४ मिलिअँप येतोय म्हणजे पॅनलच्या दृष्टीनं सगळं ठीक. म्हणून गॅस देऊन बघण्याला पर्याय नाही. आम्ही ५० पीपीएमचा सिलेंडर घेतलाय, अर्धा लिटर मिनिटाला सोडायचा, टोपी सेन्सरवर नीट बसवायची आणि नळी टेफ्लॉनचीच वापरायची. साधी रबरी नळी अमोनिया स्वतःच शोषून घेते, आकडा तीस-पस्तीसवर अडकतो आणि माणूस चांगला सेल खराब म्हणून फेकतो नाहीतर स्पॅन (गॅस दिल्यावर दिसणाऱ्या आकड्याचं सेटिंग) उगाच वर ओढून ठेवतो. घाई करायची नाही, विशेषतः चेंबरच्या थंडीत सेल मंद असतो, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. सिलेंडरवरची एक्सपायरी पण बघा, अमोनियाचा कॅलिब्रेशन गॅस फार काळ टिकत नाही.

सर्व्हिसचं म्हणाल तर माणूस येतो, पण पुण्याहून येतो आणि येण्याजाण्याचे वेगळे लावतो. तो समोर असताना कॅलिब्रेशनचा व्हिडिओ काढून ठेवला आणि आता आमचीच पोरं करतात.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन देईन. दिव्यांची मांडणी, पहिल्या अलार्मची खूण आणि पुन्हा वाजणारा हूटर यासाठी पूर्ण मार्क, इन्हिबिट आणि घड्याळासाठी कापले. सहा-सात सेन्सरच्या स्टोरेजला घ्यायला हरकत नाही, पण ऑर्डर देताना इन्हिबिटला टायमर टाकून द्या असं लेखी मागा. आम्ही मागितलंय, नवीन प्रोग्रॅममध्ये येईल म्हणालेत, आला की इथंच लिहितो.