कॉन्झर्व्हेटरीसाठी झाडं घेण्याआधी हा थर्मामीटर घ्या

लेस्टरमधलं हे घर घेतलं ते मागच्या काचेच्या खोलीसाठी. दक्षिणेचं ऊन दिवसभर आत. वाटलं, आता मोगरा आणि कढीपत्ता घरचाच! पहिल्याच हिवाळ्यात कढीपत्त्याचा नुसता खराटा झाला. तहानलं असेल म्हणून मी पाणी घालत राहिले आणि मुळंही कुजली. फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी आधी कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणला. पंधरा पौंडांच्या आत मिळाला. आपण झोपेत असताना पारा कुठवर उतरला, ते सकाळी कळतं. जानेवारीत दुपारी २१ अंश असलेली माझी खोली पहाटे ३ अंशांवर आली होती! झाड निवडायचं ते या पहाटेच्या आकड्यावरून, दुपारचं ऊन बघून नव्हे.

आता छोटा हीटर ५ अंशांवर लावून ठेवते. लिंबाला तेवढं पुरतं. उलट हिवाळ्यात गरम, कोरड्या दिवाणखान्यात ते पानं टाकतं. बोगनवेलही काचेच्या खोलीतच, थंडीत पाणी अगदी नावापुरतं. कढीपत्ता आणि मोगरा मात्र ऑक्टोबरमध्येच घरात घेते, दोघांनाही निदान १० अंश लागतात. एप्रिलअखेर परत काचेच्या खोलीत.

कमाल आकड्यानेही डोळे उघडले. जूनमध्ये ४१! तेव्हापासून छताला पडदे लावले, दारं उघडी ठेवते आणि सकाळी फरशीवर पाणी शिंपडते. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड फार लवकर पसरते. पानांच्या मागची बारीक जाळी बघत जा.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सेन्सरवर थेट ऊन पडलं तर आकडा खोटा येतो, म्हणून तो सावलीत, पानांच्या उंचीवर लावा. आणि रोज सकाळी रीसेटचं बटण दाबायला हवं, माझ्या थर्मामीटरमध्ये ते आपोआप होत नाही. विसरलं की परवाचाच आकडा आजचा वाटतो. आकडे मोठे असते तर चष्म्याशिवाय वाचता आले असते. तरी पाचपैकी पाच.

आणखी एक मागवलाय. मोगरा हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. रात्री पडदा ओढल्यावर काचेलगत किती गार होतं, ते मोजायचंय.