रुग्णाच्या वतीने बोलणार कोण? आरोग्यमित्र, समाजसेवा अधीक्षक, संघटना की घरचं माणूस

मोठं ऑपरेशन ठरलं असेल किंवा केमो सुरू होणार असेल, तर पैशांची जुळवाजुळव करतानाच आणखी एक गोष्ट ठरवून टाका: रुग्णाच्या वतीने बोलायचं कुणी? महाराष्ट्रात या कामी मदत करणारी माणसं आहेत, पण प्रत्येकाच्या हातात वेगळी गोष्ट असते. चुकीच्या टेबलासमोर बसून राहिलं की मोलाचे दिवस जातात.

उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसत असेल, तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला नेमलेल्या माणसाला गाठा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली हीच योजना. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं की आरोग्यमित्र नोंदणी करून पूर्वमंजुरीचे कागद पुढे पाठवतात. मंजूर पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण हे सगळं धरलेलं असतं. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले, तर १५५३८८ वर तक्रार करा. मात्र उपचार योजनेच्या यादीत नसेल, तर आरोग्यमित्राचे हात बांधलेले असतात.

अशा वेळी समाजसेवा अधीक्षकांकडे जावं. वॉर्डात त्यांना सगळे ‘सोशल वर्कर’ म्हणतात. आपल्याकडे हे पद पहिल्यांदा १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निर्माण झालं. कोणता ट्रस्ट कुठल्या आजाराला मदत करतो, मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाला काय जोडायचं, हे त्यांना ठाऊक असतं. धर्मादाय म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयात तर त्यांना भेटल्याशिवाय डिपॉझिट भरूच नका. उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेनुसार २००६ पासून तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला, तर निम्मी धावपळ वाचते. या अधीक्षकांपैकी अनेक जण जीव ओतून काम करतात, पण त्यांचा पगार रुग्णालयच देतं. भांडण रुग्णालयाशीच असेल, तर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवलं, कागदपत्रं देईनात, अशा वेळी रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्या संघटना उपयोगी पडतात. जन आरोग्य अभियान, पुण्याची ‘साथी’ यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत अशी अडवणूक चुकीची ठरवली आहे. संघटनेचा कार्यकर्ता पत्र लिहून देईल, अधिकाऱ्याला फोन करेल. पण तो रोज खाटेजवळ बसू शकणार नाही.

गेटबाहेर ‘काम करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यांना लांबच ठेवा. या योजनांचे अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

माझं ठाम मत असं की वरच्या सगळ्यांकडून पैशांचा आणि हक्कांचा प्रश्न सोडवून घ्यावा, पण उपचारांबद्दल विचारणारं माणूस घरचंच असावं. ही तपासणी कशासाठी? दुसरा मार्ग आहे का? थोडं थांबलं तर काय बिघडेल? हे प्रश्न बाकी कुणी तुमच्यासाठी विचारणार नाही. वयाने मोठे म्हणून काकांना पुढे करू नका. न घाबरता विचारणारी आणि ऐकलेलं लिहून ठेवणारी व्यक्ती निवडा, मग ती सून असो की भाचा. राऊंडच्या वेळी तिनेच डॉक्टरांशी बोलावं. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारलं की उत्तरांचा गोंधळ होतो. औषधांची यादी, ॲलर्जी, जुने रिपोर्ट एका फाइलीत तिच्याकडे असावेत. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा हक्क आहे, आणि रेकॉर्डची प्रत लेखी मागितली की ७२ तासांत मिळायला हवी.

या माणसाने सगळ्यांत आधी रुग्णालाच विचारायला हवं: तुला किती माहिती हवी आहे, काय नको आहे? कॅन्सर झाला की आपल्या घरांतून तो शब्दच आईपासून लपवला जातो आणि तिच्या शरीराचे निर्णय तिला वगळून होतात. तिच्या वतीने बोलायचं तर तिचं म्हणणं माहीत हवं. ते माहीत नसताना कितीही तळमळीने भांडलो, तरी आपण आपल्याच भीतीपोटी बोलत असतो.

आई-वडील गावी एकटे आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील, तर मुलांनी व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांशी बोलायची वेळ ठरवून घ्यावी. खाटेजवळ मात्र शेजारचं किंवा नात्यातलं एक विश्वासाचं माणूस नेमावं आणि दाखल होतानाच त्याचं नाव व फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं.