पाच वर्षांनी बदललेला गेमिंग लॅपटॉप: तीन महिन्यांचा अनुभव
४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र तयार करणारा भाग) असलेला लॅपटॉप पाच वर्षे वापरल्यानंतर मी दिवाळीत ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० कार्ड आणि १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा) स्क्रीन असलेला लॅपटॉप घेतला, आणि तीन महिन्यांनंतरही त्यावर मनापासून समाधानी आहे. ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये पूर्वी भर पावसात गाडी वळवली की चित्र अडखळत असे, आता ओल्या डांबरावर निऑन पाट्यांचे प्रतिबिंब सलग सरकताना दिसते. याचे बरेचसे श्रेय डीएलएसएस या एनव्हिडियाच्या एआय तंत्राला द्यावे लागेल, कारण त्यात गेमचे चित्र आधी कमी रिझोल्यूशनवर तयार होते आणि कार्डातील टेन्सर कोअर (एआयची आकडेमोड करणारे भाग) ते चित्र मोठे करताना त्यातील तपशील भरून काढतात.

खरेदीपूर्वी एक गोष्ट आवर्जून तपासावी: हेच कार्ड काही लॅपटॉपमध्ये बऱ्याच कमी वॅटवर चालवलेले असते, त्यामुळे नाव तेच असूनही वेग कमी मिळतो.

टर्बो मोडमध्ये, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या सेटिंगवर, पंख्यांचा आवाज मात्र इतका वाढतो की शेजारी झोपलेल्या मुलीची झोप मोडते, म्हणून रात्री मी बॅलन्स्ड मोडवरच खेळतो. बॅटरीवर खेळण्याची अपेक्षा ठेवू नये. चार्जर काढताच कार्डाला मिळणारी वीज घटते आणि गेम लगेच मंदावतो.