क्लॅरिनेटला प्लास्टिकची रीड: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत ठाण्याच्या हवेत

रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी आवळलेली पातळ पाती, आणि केन म्हणजे गवताच्या कांडीची नेहमीची रीड. निकाल आधीच सांगतो. पावसाळ्यात आणि मांडवात प्लास्टिक, घरी रियाजाला केन. एवढंच हवं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

मी बी-फ्लॅट क्लॅरिनेट वाजवतो, ठाणे पूर्वेला कोपरीकडच्या एका पथकात. पाडव्याची शोभायात्रा, हळदी, लग्नं, गणपती, मधूनच एखादा वाढदिवस. म्हणजे भर उन्हात रस्त्यावर, नाहीतर घोडबंदर रोडच्या एसी हॉलमध्ये. या दोन हवांच्या मध्ये जून ते सप्टेंबर, त्याबद्दल ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची रीड पाडव्याच्या आधी मागवली आणि दिवाळी पहाटपर्यंत जमेल तिथे लावली. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही रीडला लागू आहे.

किंमत ऐकून पथकातले हसले होते. एका प्लास्टिक रीडच्या पैशांत चांगल्या फ्रेंच केनच्या दहा रीडची पेटी येते, थोडं इकडेतिकडे. पण त्या दहातल्या तीनचारच खरोखर मांडवात न्यायच्या लायकीच्या निघतात, हे प्रत्येक क्लॅरिनेटवाल्याला ठाऊक असतं. कंपनी जुनी असो, नावाजलेली असो, त्याने फरक पडत नाही. केन म्हणजे शेवटी गवत. अरुंडो डोनॅक्स नावाचं उंच, नळासारखं गवत, त्यातलं दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातलं सगळ्यात नावाजलेलं. पॅरिसमध्ये व्हँडोरेननं १९०५ मध्ये रीड करायला घेतल्या, तेव्हापासून यंत्रं कितीतरी सुधारली. पण दोन कांड्यांचे तंतू सारखे येत नाहीत, म्हणून दोन रीडही सारख्या येत नाहीत.

पावसाळ्यात नेमकं काय बिघडतं, हे कळायला रीड काय काम करते ते बघावं लागतं. माउथपीसच्या सपाट बाजूला एक खिडकी असते आणि रीड तिच्यावर लिगेचरने, म्हणजे एका पट्ट्याने, आवळलेली असते. टोकाला दोघांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट. फुंकलं की तोंडातला दाब रीडला माउथपीसकडे ढकलतो, फट अरुंद होते, आत जाणारी हवा कमी होते. दाबाची लाट नळीतून पहिल्या उघड्या भोकापर्यंत जाते, तिथून उलटून परत येते, आणि रीड त्या येण्याजाण्याच्या तालावर उघडमीट करू लागते. म्हणजे कुठला सूर लागणार हे मुख्यतः नळीची लांबी ठरवते, रीड फक्त हवेची वाट उघडते आणि बंद करते. बाजाच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, याच्या उलट आहे, तिथे प्रत्येक सुराला स्वतःची पितळी पट्टी आणि स्वर त्या पट्टीचाच. म्हणून पेटीवाल्याला रीडची काळजी क्वचित पडते, आम्हाला रोज.

आता ही एक मिलिमीटरची फट आणि दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरइतकं पातळ टोक डोळ्यांपुढे आणा, आणि त्यावर जुलैची हवा सोडा. जुन्या चाळीतलं लाकडी दार आषाढात फुगून चौकटीत बसेनासं होतं, तेच इथे होतं. टोक लहरी घेतं, एका कडेला फट जास्त तर दुसऱ्या कडेला कमी, आणि वरचे सूर चिरकायला लागतात. रात्री पेटीत ठेवलेली रीड सकाळी वेगळीच निघते. कधी काळे ठिपकेही धरते.

प्लास्टिकला यातलं काही होत नाही. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण गुण देतो. गणपतीत भर पावसात ताडपत्रीखाली उभं राहून जशी वाजली, तशीच दोन दिवसांनी कोरड्या खोलीत वाजली. आधी तोंडात धरून भिजवायची गरज नाही. वरातीत नाचणाऱ्यांनी मध्येच चहासाठी थांबवलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा म्हटलं, तर केन तेवढ्यात वाळलेली असते. ही लगेच बोलते. तोंडाला मऊ लागते, ओठ सोलत नाही.

आता तक्रारी. पहिली पाण्याची. केन थोडं पाणी पिते, प्लास्टिक पीत नाही, म्हणून श्वासातली वाफ रीडखाली थेंब होऊन साठते आणि मध्येच गुरगुर सुरू होते. एसी हॉलमध्ये जास्त, कारण माउथपीस गार असतो. उपाय म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये हवा आत ओढून घेणं आणि खिशात सुती फडकं. दुसरी, थंडीत ही रीड अंमळ कडक होते, उन्हात सैलावते. हॉलमध्ये पहिलं गाणं जोर लावून वाजवावं लागतं, शोभायात्रेत उलट ओठ सांभाळून. तिसरी, केन जड वाटली तर पॉलिश पेपरवर दोन हात फिरवून हलकी करता येते. हिला ते करायला माझा हात धजत नाही.

आवाजाबद्दल मतं वेगळी असतील. मोठ्या आवाजात, ढोलकी आणि कीबोर्डबरोबर, समोरच्याला फरक कळत नाही. कळतो म्हणणाऱ्यांना मी डोळे मिटायला लावून विचारलं आहे. पण रात्री खिडक्या लावून खालच्या सप्तकात एकच सूर हळू धरला, की केनमध्ये जो खरखरीत उबदारपणा असतो तो इथे जरा घासून टाकल्यासारखा वाटतो. मींडही केनवर जास्त सहज येते. म्हणून रियाज तिच्यावरच.

एक अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. वाद्य बेसूर झालं तर रीड बदलून ते सुरात येत नाही. थंड हवेत क्लॅरिनेट उतरतं, उन्हात चढतं, कारण आतल्या हवेतला ध्वनीचा वेगच बदलतो. कीबोर्डवाला तिथल्या तिथेच असतो, तेव्हा बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा जोड, आत-बाहेर करणं आपल्याच वाट्याला.

आमच्या पथकात सनईवाले काका आहेत. त्यांनी रीड हातात घेऊन नखाने वाजवून बघितली आणि विचारलं, "माझ्या पत्तीला असं काही मिळतं का रे?" पत्ती म्हणजे सनईची दोन पात्यांची रीड. ओबो हे सनईसारखंच दोन पात्यांचं पाश्चात्त्य वाद्य. मी म्हटलं, "काका, ओबोसाठी प्लास्टिकच्या दुहेरी रीड मिळतात, सनईसाठी मी पाहिलेली नाही." तुलना अवघडही आहे. माझ्या रीडला आपटायला माउथपीसची कडक कड आहे, आणि तिथला बाक कारखान्यात घासून ठरलेला आहे. काकांच्या पत्तीला आधार कुणाचाच नाही. गवताची पाती दोऱ्याने छोट्या धातूच्या नळीवर बांधलेली, ती एकमेकींवरच मिटतात, आणि फट किती राहणार हे ओठ ठरवतात. म्हणून ते सनईच्या दोरीला जादा पत्त्या आणि तोंड उघडायची सळई लटकवून फिरतात. फटीतून हवा इतकी कमी जाते की फुप्फुसातली संपण्याआधी शिळी होते. त्यामुळे आधी सोडायची, मग घ्यायची. ओबोवाल्यांचंही हेच दुखणं.

या निमित्ताने पथकातला एक जुना वाद मिटला. क्लॅरिनेटवर सा ची बोटं ठेवून अंगठ्याची चावी दाबली की वरचा सा येत नाही, त्याच्या पुढचा प येतो. सनईत जोर लावला की सरळ वरचा सा. एक पाती आणि दोन पाती यामुळे हे होतं, असं बरेच जण समजतात. कारण आहे नळी. क्लॅरिनेटची आतून जवळजवळ सरळ, सनईची शंकूसारखी रुंदावत जाणारी. पुरावा सॅक्सोफोन: ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, रीड एकेरीच, नळी शंकूची, आणि उडी थेट वरच्या सा वर.

घेणाऱ्यांसाठी नंबराचं, म्हणजे रीड किती कडक याचं, बघा. प्लास्टिकचा अडीच आणि केनचा अडीच एक नसतात, आणि कंपन्यांचे आपापसातही जुळत नाहीत. कंपनीचा तक्ता बघून, शंका असेल तर हलकी घ्यावी, कारण तोंडाला लावलेली रीड दुकानदार परत घेत नाही. धुवायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. रोज एकच वापरली तर हळूहळू सैल पडते, दोन आलटून पालटून वापरल्या तर जास्त टिकतात. माझ्या पहिलीच्या टोकाला दसऱ्याच्या सुमारास बारीक चीर दिसली, तोवर केनच्या दोन पेट्या तरी गेल्या असत्या. पुढची पाव नंबर हलकी मागवली आहे, तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या तारखा हॉलच्याच आहेत.